सिस्टरच्या घरासाठी न केलेली सही

फोन आला तेव्हा मी घोडेगावच्या बाजारात मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत होते. पलीकडून आरोग्य केंद्राच्या गाडीचे ड्रायव्हर बबनभाऊ बोलत होते. "बाई, सिस्टर गेल्या." मी म्हटलं, "कुठं गेल्या?" खरंच असं विचारलं मी. सिस्टर कायम कुठं ना कुठं गेलेल्याच असायच्या... भीमाशंकरच्या रस्त्यावर कुठल्या वाडीला डोस पाजायला, नाहीतर कुणाच्या बाळंतपणाला. पण एवढा मिशीवाला माणूस हुंदके देऊन रडायला लागला, तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. डोंगरातल्या एका वाडीवर पोरांना डोस पाजून झाल्यावर त्या शाळेच्या ओट्यावर टेकल्या, "वाईच पाणी द्या" म्हणाल्या, आणि तांब्या येईपर्यंत सगळं आटोपलं होतं. छप्पन्न वर्षं हे काय जायचं वय आहे? मी तरी तीन वर्षांनी मोठी.

शालन सिस्टरांची माझी ओळख पंचवीस वर्षांची. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत मास्तरीण, त्या नर्स. एवढ्या वर्षांत आम्ही एकमेकींना नावानं कधी हाक मारली नाही. मी त्यांना 'सिस्टर' म्हणायची, त्या मला 'बाई'. पहिल्यांदा त्या शाळेत सुया टोचायला आल्या, तेव्हा निम्मी पोरं खिडकीतून उड्या मारून पसार झाली आणि मी एकेकाला बखोटीला धरून आणत होते. त्या शांतपणे म्हणाल्या, "बाई, माजी सुई लई बारीक हाय. पोरं तुमच्या आवाजालाच भेत्यात." मला राग यायला हवा होता, आलं हसू. मी तोंडाची फटकळ, त्या मोजून बोलणाऱ्या, तरी आमचं जमलं ते असं.

त्या निरगुडसरच्या, बौद्ध घरातल्या. नवऱ्यानं दुसरी बायको केली, तेव्हा त्यांनी ना भांडण केलं ना कोर्टकचेरी, आईला घेतलं आणि नोकरीच्या गावी खोली केली. ती खोली सुटली की दुसरी, दुसरी सुटली की तिसरी. कधी मालकाच्या मुलाचं लग्न निघायचं म्हणून खाली करा, कधी आडनाव कळलं की "खोली तर कालच दिली हो." एकदा मी सोबत होते. खोलीला कुलूप दिसत होतं, किल्ली मालकाच्या हातात, आणि तो आमच्या तोंडावर दिली म्हणतोय. मी भांडायला तोंड उघडलं, तर सिस्टरांनी माझा हात दाबला. परत येताना रस्त्यात त्या एवढंच म्हणाल्या, "बाई, आईला मरायला तरी आपलं घर पायजे. तितनं कुनी उठा म्हनू नये." त्या दिवसापासून त्यांच्या डोक्यात घर शिरलं ते शिरलंच.

ब्याण्णव-त्र्याण्णवच्या सुमाराला घोडेगावात त्यांना एक घर विकाऊ मिळालं. घर कसलं, पडझड नुसती! मालक पुण्याला जाऊन बारा वर्षं झालेली, मागची भिंत पोटुशीसारखी पुढं आलेली, तिच्या फटीत उंबराचं रोप, आणि पुढच्या खोलीत शेजाऱ्यांच्या शेळ्या. मी नाकाला पदर लावून म्हटलं, "सिस्टर, यापेक्षा शेळ्यांनाच राहू द्या." पण त्या आतल्या खोलीत उभ्या राहून छपराच्या भोकातून आभाळ बघत होत्या आणि त्यांच्या तोंडावर असं काही होतं की मी पुढं थट्टा केली नाही. एवढी रक्कम जवळ कुठली असणार? बँकेत गेल्या. साहेबांनी सांगितलं, घर बँकेकडं गहाण राहील. सिस्टर म्हणाल्या, "आजून घेतलंबी न्हाई, तवर गहान?" साहेबसुद्धा हसले म्हणे. पण पुढची अट हसण्यासारखी नव्हती. जुनं घर, एकटी बाई, तेव्हा पक्क्या नोकरीतले दोन जामीनदार पाहिजेत. हप्ते थकले तर त्यांच्या पगारातून कापून घेणार.

एक सही बबनभाऊंनी दिली. गाडी पुसता पुसता, फडकं खांद्यावर टाकून, बॉनेटवरच कागद ठेवून. दुसऱ्या सहीसाठी त्या माझ्याकडं आल्या.

मधली सुट्टी होती. त्यांनी पिशवीतून फॉर्म काढून टेबलावर ठेवला. मला आदल्या दिवशीच कुणकुण लागली होती आणि घरी बोलणंही झालं होतं. आमचे हे म्हणाले होते, "एकटी बाई, बदलीची नोकरी, उद्या काय झालं तर तुझा पगार जाईल." आता हे सगळं नवऱ्यावर ढकलणं सोपं आहे. पण खरं सांगते, भीती माझीच होती. यांनी "कर सही" म्हटलं असतं तरी मी काहीतरी निमित्त काढलंच असतं. मी फॉर्मकडं न बघता म्हटलं, "सिस्टर, मी आमच्या दिराच्या कर्जाला आधीच जामीन आहे हो. दोन ठिकाणी चालत नाही म्हणतात." धडधडीत खोटं! पोरांना 'नेहमी खरे बोलावे' हे फळ्यावर लिहून देणारी मी. त्या म्हणाल्या, "असू द्या बाई. इचारलं आपलं." चहा पूर्ण प्यायल्या, कपबशी विसळून ठेवली आणि फॉर्म पुन्हा पिशवीत घातला.

दुसरा जामीनदार मिळायला त्यांना पाच महिने लागले. मंचरपासून जुन्नरपर्यंत ओळखीच्या प्रत्येक दारात गेल्या. शेवटी जुन्नरच्या एका जुन्या मेट्रननं सही दिली. त्या पाच महिन्यांत मागची भिंत आणखी झुकली, आणि त्या महिन्यांचा हिशेब माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाकडं जात नाही.

घर ताब्यात आलं आणि मी काय केलं असेल? दर रविवारी सकाळी डबा घेऊन, जुनं लुगडं खोचून तिथं हजर! भिंतींवरचे चुन्याचे पोपडे मी खरवडले. विटा उचलल्या, उंबराची मुळं कोयत्यानं तोडली, पडदे शिवून दिले, आमच्या घरातला जुना पाट नेऊन दिला. सिस्टरांच्या घराला मी सही सोडून सगळं दिलं. गवंडी म्हणाला होता, "ही भित पाडा, लई दिस टिकायची न्हाई," म्हणून ती दगड-दगड उतरवली आणि त्याच दगडांत पुन्हा बांधली. कौलं उतरवली तेव्हा सिस्टर पालथ्या घमेल्यावर बसून एकेक कौल बोटाच्या पेरानं वाजवून बघायच्या. खणखणीत वाजलं की उजवीकडं, बद्द वाजलं की डावीकडं. "ही बोलती, बाई. ही मुकी." रात्रपाळी करून आलेली बाई, डोळे लाल, आणि मांडीवर कौल घेऊन बसलेली. मी शेजारी खरवडत असायची आणि मनात म्हणायची, आता सांगावं... आता सांगावं. मग डबा उघडायची वेळ व्हायची.

बँक पैसे टप्प्याटप्प्यानं द्यायची, एवढं काम दाखवा, मग पुढचे घ्या. भाडं आणि हप्ता दोन्ही झेपेना, म्हणून छप्पर होताच त्या आईला घेऊन राहायला गेल्या. दारं अजून नव्हती, गोणपाट लावलेलं. त्रिशरण-पंचशील म्हणून गृहप्रवेश झाला, खीर झाली. पुढच्या खोलीत शहाबादी फरशी बसली, आतल्या खोलीत पुढची चार वर्षं शेणानं सारवणंच चाललं. ज्या शेजाऱ्यांनी बांधकामाला हौदातलं पाणी घेऊ दिलं नव्हतं, त्यांचीच सून अवघडलेली असताना गोणपाट बाजूला करून आली. सिस्टरांनी तिला त्याच फरशीवर झोपवून तपासलं. आई त्याच घरात गेल्या, स्वतःच्या अंथरुणावर, लेकीच्या मांडीवर डोकं ठेवून. त्यांना कुणी उठा म्हटलं नाही.

आणि सही! आरोग्य केंद्रातला शिपाई असो, नवी लागलेली नर्स असो, कुणाला कर्जाला जामीन पाहिजे असला की पाय सिस्टरांच्या घराकडं वळायचे. मी एकदा चिडून म्हटलं, "अहो, कागद वाचा तरी!" त्या म्हणाल्या, "वाचलं की हात आखडतो, बाई."

माझा मुलगा अवसरीच्या इंजिनीअरिंग कॉलेजात लागला तेव्हा आम्हाला कर्ज काढावं लागलं आणि जामीनदार हवा होता. ज्या दिराचं नाव मी पुढं केलं होतं, त्यानंच "बघू, बघू" करत महिना घालवला. मी सिस्टरांकडं गेले नाही. कुठल्या तोंडानं जाणार? त्या स्वतःच आल्या, पायरीवर चपला काढता काढता विचारत, "कुटं करायची?" पेन टेकवणार, तेवढ्यात माझा बांध फुटला. म्हटलं, "सिस्टर, थांबा. त्या वेळी मी खोटं बोलले होते. मी कुणालाच जामीन नव्हते."

"म्हाईत हाय," त्या म्हणाल्या. सही चालूच. "तुमचे दीर त्याच आठवड्यात बीपी तपासायला आल्ते. मी आपलं इचारलं, कर्ज कशासाटी काढलं भाऊ? ते म्हनले, कसलं कर्ज?"

मी म्हटलं, "मग सतरा वर्षं बोलला का नाहीत?"

त्यांनी पेनाचं टोपण लावलं. "बोलले आसते तर तुमी रविवारी आला नसता. आन् मला भिती खरवडायला मानूस पायजे व्हतं." आणि हसल्या. मी मात्र हसू शकले नाही, रडतच सुटले, आणि त्यांनी पोरांच्या पाठीवरून फिरवतात तसा माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला त्यांनी माफ केलं होतं की नव्हतं, हे मी आजही सांगू शकत नाही. विचारायचं राहून गेलं.

गेल्या वर्षी त्यांचं कर्ज फिटलं. उताऱ्यावरचा बँकेचा बोजा उतरला, नाव एकटीचं राहिलं. ते घर त्यांना असं पुरतं स्वतःचं म्हणून एकच वर्ष मिळालं. आता ते भाच्याकडं जाईल. तो पुण्याला असतो, म्हणून किल्ली सध्या माझ्याकडं आहे. मी रोज जाऊन दार उघडते, झाडून घेते, पुढच्या खोलीत थोडा वेळ बसते. लोक अजून येतात. भेटायला येतात आणि सवयीनं फरशीवर भिंतीला टेकून बसतात, सिस्टर आतून येतीलच असं.

परवा त्यांच्या हाताखालची एक तरुण नर्स आली. बसली, रडली, उठली, पुन्हा बसली. पर्समधून कागद अर्धा काढला आणि परत आत ढकलला. मी मास्तरीण, माझ्यापासून काय लपतंय? "काय गं ते?" म्हटलं. तिनं सांगितलं, तिला मंचरला एक जुनं घर मिळतंय, कर्जाचे कागद तयार आहेत, सिस्टर सोमवारी सही करणार होत्या.

"अगं, मग मी करते की! आण इकडं." एका दमात म्हणाले मी. यांना विचारते असंसुद्धा म्हणाले नाही. कागद तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतला. तिनं मान खाली घातली आणि हळूच म्हणाली, "बाई, नोकरीत असलेलं मानूस लागतं. रिटायर झालेल्यांची सही बँक घेत न्हाई."

नोकरीची बत्तीस वर्षं माझ्या सहीला किंमत होती. सिस्टरांनी ती एकदाच मागितली होती.