वेरिबीत भेटलेलं वळिवडे

मेलबर्नच्या विमानतळावर अधिकाऱ्याने माझी कांदा-लसूण चटणी उलटसुलट करून परत दिली, पण तुळशीचं बी जप्त केलं. मी आवाज चढवला. तो 'नो वरीज, मेट' म्हणत हसत राहिला. भांडणाला समोरून जोरच मिळत नाही, असा हा देश आहे.

मेलबर्नजवळच्या वेरिबीला लेकीच्या घरापर्यंत सपाट माळ, वाळकं गवत आणि एकसारखी घरं. गाडीतच मी अश्विनीला पुन्हा सांगितलं, थोरल्या भावाने मला दुकानातून कसं हाकललं ते.

"बाबा, प्लीज. चाळीस वर्षं झाली."

झाली असतील. नंतर कोल्हापुरात मी स्वतःची लाकडाची वखार उभी केली, पण विसरलो काहीच नाही.

तिसऱ्या दिवशी दुपारी शेजारच्या हेलेनाबाईंनी जेवायला बोलावलं. वय नव्वदीपुढे, जन्म पोलंडचा. मी कोल्हापूरचा हे कळताच म्हातारी चक्क मराठीत म्हणाली, "केळं कसं दिलं? जास्ती! नको!"

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला पोलिश निर्वासितांची छावणी होती, एवढं मी ऐकून होतो. ही तिथे फेरीवाल्यांशी घासाघीस करत वाढलेली.

पियेरोगी (मैद्याच्या उकडलेल्या करंज्या, आत बटाटा) वाढत त्या इंग्रजीत सांगत गेल्या, अश्विनी मराठी करत होती. त्या सहा वर्षांच्या असताना पहाटे रशियन सैनिक घरात शिरले. अर्ध्या तासात आवरा म्हणाले. आईने पिठाची गोणी घेतली, वडलांनी कुऱ्हाड. तीन आठवडे मालगाडीच्या बंद डब्यात, पाणी म्हणून बर्फ. मग उत्तरेच्या जंगलात ओंडके तोडायचे. तोडाल तेवढा पाव. वडील तिथेच गेले. जमीन इतकी गोठलेली की खड्डा पडेना. प्रेत बर्फात ठेवलं आणि बर्फ वितळायच्या आत यांना दुसरीकडे हलवलं. पुढे इराणमार्गे मायलेकी वळिवड्याला पोचल्या.

"माझंही तसंच," मी म्हणालो. "भावाने नेसत्या कपड्यांनिशी बाहेर काढलं."

अश्विनीने याचं इंग्रजी केलं नाही. हेलेनाबाईंनी हट्टाने तिच्याकडून अर्थ काढून घेतला आणि हसल्या. "भावाने किती दिवस डब्यात कोंडलं होतं?"

माझं डोकं तापलं, पण त्यांच्या ताटात जेवत होतो.

मग त्यांनी विचारलं, "माझी आई वळिवड्यात तापाने गेली. कोल्हापूरला पुरलं तिला. कबर आहे ना अजून? माझ्या माणसांची तेवढीच एक जागा उरली आहे."

वखारीत मी गिऱ्हाइकाला कधी 'माहीत नाही' म्हटलेलं नाही. म्हटलं की गिऱ्हाईक पुढच्या दुकानात जातं. तोंडातून निघून गेलं, "आहे की! येता-जाता बघतो. स्वच्छ आहे, वर चाफा."

"कुठल्या रांगेत?"

"दुसऱ्या."

"दगड कुठल्या रंगाचा?"

"पांढरा."

"दगड कुठला? खोक्याच्या फळ्या ठोकून क्रूस केला होता आम्ही." त्यांनी माझ्यापुढचं ताट उचललं. मी अजून खात होतो.

अश्विनीने नंतर समुद्रकाठचे कडे दाखवले. लोक फोटो काढत होते. मी गाडीतच बसून राहिलो. हेलेनाबाईंच्या खिडकीचा पडदा मी भारतात परत निघेपर्यंत बंद होता.

कोल्हापूरला पोचल्याच्या दुसऱ्या दिवशी दफनभूमीत गेलो. वखारीपासून वीस मिनिटं, आणि सत्तर वर्षांत पहिल्यांदा. दगड होते त्यांवर नावं होती. मागच्या बाजूला नुसते उंचवटे.

"इथली लाकडं कवाच कुजली, काका," राखणदार म्हणाला. "खाली कोन हाय, आता कसं सांगायचं?"

खोक्याची फळी पावसात किती टिकते, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. एक उंचवटा निवडून त्याचा फोटो 'हीच' म्हणून पाठवावा, असं मनात आलं. तपासायला कोण येणार होतं? शेवटी सगळ्या उंचवट्यांचे फोटो काढून अश्विनीला पाठवले आणि खाली लिहिलं, यातली कुठली ते कळत नाही.

दोन दिवसांनी अश्विनीचं उत्तर आलं: फोटो त्यांनी ठेवून घेतले. तुमच्याशी बोलायचं नाही म्हणतात.

'पुन्हा एकदा विचारून बघ,' असं मी लिहायला घेतलं, आणि पुसून टाकलं.