मॅचपायी बंबावर

नॉर्बर्ट वोयतासिकने एकतीस वर्षं बफेलो शहराच्या बर्फात घरोघर पत्रं वाटली आणि तेवढ्या काळात बफेलोच्या अमेरिकन फुटबॉल संघाची एकही मॅच बघायची सोडली नाही. संघाने मात्र जिंकायच्या बऱ्याच सोडल्या.

निवृत्त झाल्यावर बायकोच्या गुडघ्यांसाठी ते दोघं टेनेसीच्या डोंगरात राहायला आले. जेराल्डीनचे गुडघे सुधारले आणि नवरा बिघडला. रविवारी दुपारी तिथल्या टीव्हीवर तिथलाच संघ दिसायचा. परमुलखातल्या संघाची मॅच हवी तर वर्षाचं पॅकेज घ्यायचं. त्याची किंमत ऐकून नॉर्बर्टने फोनवरच्या बाईला शांतपणे विचारलं, "यात खेळाडू घरी येतात का?"

मग सुरू झाल्या फुकटच्या वाटा. आठवडाभर पैसे न देता बघा, अशी एक सोय असायची. ती त्याने आधी स्वतःच्या नावावर वापरली, मग बायकोच्या, मग सासूच्या, आणि शेवटी कुत्र्याच्या. कुत्र्याला अजून वाढदिवसाच्या शुभेच्छा येतात. नातेवाईक संपल्यावर तो हमरस्त्यावरच्या बारमध्ये जाऊन बसू लागला. तिथे सगळ्या मॅचेस लावत, पण नॉर्बर्ट एका कॉफीवर साडेतीन तास काढी. तिसऱ्या रविवारी वाढणारी ट्रूडी म्हणाली, "काका, कप चाटून स्वच्छ झालाय. आता धुवायचेसुद्धा पैसे वाचले आमचे." त्याला उठवलं मात्र त्या टोमण्याने नाही. तिथे विंग्जबरोबर, म्हणजे मूळच्या बफेलोच्याच त्या तळलेल्या कोंबडीच्या पंखांबरोबर, ब्लू चीज न देता भलतीच पांढरी चटणी देत. बफेलोच्या माणसाने उपाशी मरावं, पण त्या चटणीत विंग बुडवू नये.

अशात त्याला कळलं की गावच्या अग्निशमन दलाच्या खोलीत ते पॅकेज आहे. रविवारी ड्यूटीवर बसणाऱ्या स्वयंसेवकांचा वेळ जावा म्हणून गावाने घेतलेलं. वयाच्या चौसष्टाव्या वर्षी नॉर्बर्ट दलात भरती झाला.

"आग बघितली आहेस कधी?" दलाचा चीफ हार्लन टिडवेल याने विचारलं. हार्लन तिथल्या संघाचा कट्टर भक्त.

"नाही चीफ. पण कुत्रे चावलेत. सात."

शिडीवर त्याचे पाय लटपटत, पण अंधारातसुद्धा घराचा नंबर शोधावा तर त्यानेच. शिवाय रविवारची ड्यूटी कोणालाच नको असायची. हा दर रविवारी मागून घेई. पहिल्या दिवशी एकच वाद झाला, आणि मग ठरलं, हार्लनचा संघ मोठ्या टीव्हीवर, बफेलो कोपऱ्यातल्या लहान टीव्हीवर. सगळा मोसम सुखात गेला. गावात साधी काडीसुद्धा पेटली नाही.

मोसमाचा शेवटचा रविवार आला. ही मॅच जिंकली तर बफेलो अकरा वर्षांनी बाद फेरीत जाणार होतं. घड्याळ थांबत थांबत चालणाऱ्या त्या खेळातली दोन मिनिटं उरली होती, बफेलो तीन गुणांनी मागे, चेंडू बफेलोकडे. आणि भोंगा वाजला.

नॉर्बर्ट उठला, पण डोळे पडद्यावरच राहिले.

"पोस्टमन," हार्लन हेल्मेट चढवत म्हणाला, "पत्र आलंय. पोचवायला चल."

नॉर्बर्टने बूट चढवले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने मॅच अर्धी सोडली आणि बंबात चढून बसला. वाटेत नंबर तेवढा सांगितला, "बेचाळीस. डावीकडे."

बेचाळीस नंबरच्या स्वयंपाकघरातून काळा धूर येत होता. साठीची एक बाई बाहेर अंगणात उभी होती, घराकडे तोंड करून, दिवाणखान्याच्या खिडकीला नाक लावून.

"बाई, मागे व्हा. आत कोणी आहे?" हार्लनने विचारलं.

"बावीस जण," बाई मान न वळवता म्हणाल्या. "पाच यार्ड राहिलेत."

शेगडीवर तेलाची कढई पेटली होती. नॉर्बर्टने तिच्यावर झाकण टाकलं, गॅस बंद केला, हार्लनने पावडर मारली. मिनिटभरात काम संपलं. ओट्यावर विंग्जची परात होती आणि शेजारी वाटीत ब्लू चीज.

नॉर्बर्ट बाहेर खिडकीकडे धावला. आतल्या टीव्हीवर बफेलोचीच मॅच चालू होती. "कुठल्या तुम्ही?"

"बफेलोशेजारच्या चीकटोवागाची. बर्नाडेट फोल. विंग्ज टाकल्या आणि तेवढ्यात आपल्यांनी चेंडू पळवला. मग कोण बघतंय कढईकडे?"

"बरोबर आहे," नॉर्बर्ट म्हणाला.

तेवढ्यात बफेलोने चेंडूला लाथ मारून तीन गुण मिळवले. बरोबरी. मॅच जादा वेळात गेली. नॉर्बर्टने खिडकीतून ते पाहिलं आणि निमूटपणे पाइप गुंडाळायला वळला. काम झालं की परत फिरायचं, हा दलाचा शिरस्ता. पाइप काही केल्या गुंडाळला जाईना.

हार्लनने ते बघितलं. मग दिवाणखान्यात जाऊन टीव्हीशेजारच्या भिंतीला त्याने हात लावला. "भिंतीच्या आत धग राहते कधीकधी. थांबून बघावं लागतं."

"ही भिंत तर स्वयंपाकघरापासून लांब आहे, चीफ."

"दल कोण चालवतं, तू की मी? तो जादा वेळ किती मिनिटांचा असतो?"

"दहा."

"मग दहा मिनिटं धोका आहे. हात ठेव भिंतीवर."

नॉर्बर्ट हेल्मेटसकट भिंतीला हात लावून उभा राहिला. नवव्या मिनिटाला बफेलो जिंकलं. बर्नाडेटबाईंनी त्याला अशी मिठी मारली की हेल्मेट डोळ्यांवर आलं, आणि हार्लनने जाहीर केलं की भिंत गार आहे.

घरी जेराल्डीनला बातमी आधीच लागली होती. "बरं झालं," ती म्हणाली. "बाद फेरी सगळ्या देशात फुकट दाखवतात. पुढच्या रविवारी घरीच बघशील."

"घरी कसा?" नॉर्बर्ट म्हणाला. "माझी ड्यूटी आहे. बर्नाडेटबाई स्टेशनवर येऊन विंग्ज तळणारेत, आणि त्या तळतात तिथे बंब जवळ पाहिजे."