मेरी माहेर

सत्यभामाबाई रामटेक्यांना बालाघाटातला त्यांचा सगळा वार्ड ओळखतो तो डोळ्यांवरून आणि तोंडावरून. डोळे घारे, आणि तोंड असं की नळावर भांडण लागलं तर समोरची बाई आपली पाण्याची गुंडी अर्धी भरलेली असली तरी उचलून घरी जाते. सत्तरी उलटली, पण आवाजाची धार काही बोथट झाली नाही. अशी ही बाई एका शब्दापुढं मात्र एकदम गप्प व्हायची. बायका सणासुदीला माहेराच्या गप्पा काढायच्या, की ही पदर खोचून उठायची आणि नसलेलं काम काढायची.

तिला स्वतःला माहेर होतं. नव्हतं ते तिच्या आईला.

आई मैना. तिची गोष्ट वार्डातल्या जुन्या माणसांना तोंडपाठ आहे. इंग्रजांचा काळ. मँगनीजच्या खदानीवर तापाची साथ आली, मजुरांच्या चाळी ओस पडल्या, माणसं वाट फुटेल तिकडं पळाली. त्यानंतरच्या बाजाराच्या दिवशी वार्डातल्या महागूच्या बायकोला भाजीच्या ढिगाशी एक पोर रडताना दिसली. पाच-सहा वर्षांची, गोरी, घाऱ्या डोळ्यांची. अंगात बरा झगा, पायात काही नाही.

"नाव काय तुह्यं, बाई?"

"मेरी माहेर."

"कोनाची तू?"

"मेरी माहेर."

आता मध्य प्रदेशातल्या आमच्या बालाघाटात अर्धं वाक्य हिंदीत आणि अर्धं मराठीत बोललं तर कोणाला नवल वाटत नाही. मेरी म्हणजे माझी, माहेर म्हणजे माहेर. व्याकरण चुकलं तर चुकलं, लेकरूच ते. आणि त्या काळी नाक पुसता येण्याआधी पोरींची लग्नं लागायची. बाजारानं कपाळावर हात मारून घेतला. काय बाप्पा लोक तरी, एवढीशी पोर सासरी धाडली! सासरहून पळाली बिचारी, अन् माहेर मागून राह्यली. सगळ्यांनी तिच्या सासरच्यांना पोटभर शिव्या घातल्या. कोणी गूळ दिला, कोणी चपला आणल्या. पण ती नाव सांगते आहे, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

सासरचं कोणी आलं नाही, माहेरचंही नाही. महागूला मूलबाळ नव्हतं. त्यानं तिला घरी नेलं आणि मैना म्हणून वाढवलं.

मैना धानाच्या रोवणीला जाऊ लागली, मोठी झाली, डोमाजीशी तिचं लग्न झालं. पण नाव पडलं ते पडलंच, 'माहेरवाली'. महागू आणि त्याची बायको गेल्यावर तर तिला विचारणारंही कोणी उरलं नाही. भाऊबिजेला ती दारात बसायची. कोणाची वाट पाहते म्हणून विचारलं तर म्हणायची, "कोनाची नाही वो, हवा खाऊन राह्यली." तिला एवढंच आठवायचं, की एका माणसाच्या खांद्यावर ती बसलेली आहे, तो माणूस तिच्याकडून तेच दोन शब्द पुन्हा पुन्हा म्हणवून घेतो आहे, आणि बरोबर म्हटलं की बिस्कूट देतो आहे. "तो मले सांगे," ती म्हणायची, "का हेच तुह्यं माहेर, इसरू नको. मी इसरली नाही. पण कुठं ते त्यानं सांगतलंच नाही."

मैना गेली तेव्हा सत्यभामाबाई चाळिशीच्या असतील. आमच्याकडं बाई गेली की तिच्या अंगावरचं शेवटचं लुगडं माहेरचं असावं लागतं. घराणी बौद्ध झाली, पूजापाठ सुटले, पण ही रीत कोणाच्यानं सोडवली नाही. मैनाला अंगणात ठेवलेलं, माणसं जमलेली, आणि जाणते दर थोड्या वेळानं विचारत, "माहेरचं कोनी येऊन राह्यलं का?" येणार कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. रीत म्हणून विचारायचं. शेवटी सत्यभामाबाई कडाडल्या, "नाही येत कोनी! उचला!" आईला सासरच्याच पातळात वैनगंगेच्या काठी पुरलं. त्या दिवशी बाई रडल्या नाहीत. त्यांना राग आला होता. कोण कुठला तो बिस्कूटवाला माणूस, पोर टाकून गेला, एक लुगडं द्यायलाही त्याचं कोणी नाही! तो राग त्यांनी तीस वर्षं जपला.

त्यांच्या लेकाची, राजूची मुलगी श्रुतिका नागपूरला नर्स आहे. डोळे आजीचेच. तिथं कोणीतरी तिला सांगितलं, थुंकी तपासायला पाठव, मूळ कुठलं ते कळतं. पोरीनं पाठवली. सुटीत घरी आली ती बातमी घेऊनच.

"आजी, आपण थोडे आयर्लंडचे आहोत. सोळ्यातला एक हिस्सा."

"म्हंजे रुपयात एक आना," सत्यभामाबाईंनी लगेच हिशेब मांडला. "मंग राजूत दोन, माह्यात चार, अन् आईत आठ. हौ, बापच होता तो गोरा. घेऊन काय करू त्याचं?"

पण श्रुतिकानं हेका धरला. तिकडच्या लोकांनी आपली जुनी घराणी, चर्चमधल्या जन्ममृत्यूच्या नोंदी, कोण कुठल्या बोटीनं कुठल्या देशात गेलं, सगळं इंटरनेटवर ठेवलेलं. पोर महिनोन् महिने त्यात डोकं घालून बसली. अडायचं एकाच जागी. आडनाव काय? आडनाव ठाऊक नाही. मग पुढं दारच बंद.

दिवाळीनंतरची दुपार. सत्यभामाबाई ओसरीवर सुपात चिन्नोर तांदूळ निवडत होत्या. श्रुतिका मोबाइलवरून मध्य प्रांतात आलेल्या आयरिश माणसांची नावं पुटपुटत होती, आजीला झोप येऊ नये म्हणून जरा मोठ्यानं. "रायन. मर्फी. पॅट्रिक माहेर. ओब्रायन…"

"काय म्हनलं?"

"ओब्रायन."

"त्याच्या आंधी!"

"पॅट्रिक माहेर. अरे, ये तो मैंने कितनी बार पढ़ा, आजी."

पढ़ा असेल. पण या पोरीचं सगळं शिक्षण हिंदीत, तोंडात कायम मायका. माहेर हा शब्द तिनं ऐकला असेल तो लहानपणी, पणजीच्या गोष्टीत तेवढा. ती तो आडनावासारखा वाचत होती, आणि बरोबर वाचत होती. नव्वद वर्षांत कोणी तो तसा वाचला नव्हता.

"पुढं वाच," सत्यभामाबाई म्हणाल्या.

"टिपरेरी जिल्हा. बालाघाटला मँगनीजच्या खदानीवर फोरमन. साथीच्या तापानं मृत्यू. बायको इथलीच, तीही त्याच आठवड्यात गेली." बायकोचं नाव नाही. खाणीत राबून गोऱ्याचा संसार केला, पण नाव लिहायला लिहिणाऱ्याचा हात दुखला असता! "मुलगी एक. तीही त्याच साथीत गेली असावी. नाव मेरी."

"मेरी काय?"

"मेरी माहेर," श्रुतिका म्हणाली, आणि मग तिचं तिलाच कळलं.

सूप कलंडलं, तांदूळ ओसरीभर झाला. सत्यभामाबाई कोणाशी बोलत होत्या कोण जाणे, पण बोलत होत्या. "नाव सांगत होती वो ती! नाव सांगत होती! पोर सारा जनम आपलं नाव सांगत राह्यली, अन् आमी तिले हसलो!" मग त्या रडल्या. आई गेली तेव्हाचं रडणंसुद्धा त्यातच आलं. राजू पाणी घेऊन आला आणि तसाच उभा राहिला.

ती नोंद ज्यांनी ठेवली होती त्या नोराबाई पॅट्रिकच्या भावाची नात. श्रुतिकानं लिहिलं, त्यांचं उत्तर आलं. पॅट्रिकच्या आईनं पत्रावर पत्रं धाडली होती, पोरीला शोधा म्हणून. चाळी रिकाम्या आहेत, कोणी जिवंत नाही, असं कळलं. म्हातारी मरेपर्यंत दर रविवारी मेरीसाठी मेणबत्ती लावायची. तिकडं मैना मेलेली होती आणि इकडं तिला कोणी नव्हतं. मधली साठ वर्षं ती चिखलात वाकून धान रोवत होती. आणि बिस्कूटवाल्या माणसानं तिला टाकलं नव्हतं. पोर हरवली तर सांगता यावं म्हणून नाव घोकून घेतलं होतं. बाईंचा तीस वर्षांचा राग असा एका दुपारी निराधार झाला.

नोराबाईंनी शेवटी विचारलं होतं, आम्ही तुमच्यासाठी काय करू?

"आई, तुले तिकडचा पासपोर्ट भेटते म्हने," राजू म्हणाला.

"बसमदी परसवाड्यापर्यंत जात नाही तं उलटी होते मले, अन् पासपोर्ट! त्याइले लिही, एक लुगडं पाठवा म्हना. मेरीचं राह्यलं आहे."

श्रुतिकानं ते इंग्रजीत कसं समजावलं, तिचं तिलाच ठाऊक. पण पार्सल आलं. आत पांढरं लिननचं कापड, काठाला बारीक भरतकाम, घड्यांवर पिवळं पडलेलं. "तिकडं लुगडं मिळत नाही, आजी. हे पॅट्रिकच्या आईनं हातानं भरलेलं, सणाला टेबलावर टाकायचं."

"टेबलावरचं असो का चुलीवरचं. माहेरचं आहे ना?" त्यांनी ते हातानं मापलं. लुगड्याला पुरणारं नव्हतं. "पुरते," त्या म्हणाल्या. "शेवटी वाळूनच गेलती ती."

सकाळी त्या घडी छातीशी धरून निघाल्या. नळावर गीताबाईंनी विचारलं, "कुठं चालल्या?"

"आईचं लुगडं आलं माहेरून."

"आता?"

"हौ. उशीर झाला त्याइले. लंबं आहे ना गाव." कोणत्याही बाईनं आपल्या माहेराची बाजू घ्यावी, तशा त्या मान वर करून बोलल्या.

मैनाला पुरलं होतं ती जागा वैनगंगेनं पुरात कधीच नेलेली. आता तिथं नुसतं पाणी. सत्यभामाबाई गुडघाभर पाण्यात गेल्या, कापड उलगडलं आणि पाण्यावर अंथरलं. आणि मग त्यांनी हाक मारली, नळावरच्या त्याच आवाजात, बाजारात हरवलेल्या लेकराला मारावी तशी.

"मेरी! मेरी माहेर! अवो, ये ना इकडं! तुह्ये लोक आले, तुले न्याले!"

श्रुतिका मागं उभी राहून रडत होती. कापड धारेला लागलं, आणि बाई हाक मारतच राहिल्या.