सोडून देण्याची घाई

डोलवीच्या कंपनीत मी वर्षानुवर्षं क्रेन चालवली. निवृत्त झालो आणि महिन्याभरात रक्तदाब वाढला. डॉक्टर म्हणाले, "मन शांत ठेवा." मी दुसऱ्याच दिवशी मन शांत करायच्या कामाला जोरात लागलो.

माझ्या क्रेनवर दुसऱ्या शिफ्टला असणारा जोडीदार रोह्याचा. घर बौद्ध, वाचनाचं वेड. दर रविवारी सकाळी तो विहारात ध्यान शिकवायचा. मी पेणहून रेल्वेगाडीने जाऊ लागलो, बायकोलाही ओढून नेऊ लागलो. काही आठवड्यांत मी चाळीस मिनिटं न हलता बसायला लागलो. मिटल्या डोळ्यांनी कान मात्र आजूबाजूला. आधी कोण खोकतं, आधी पाय कोण हलवतं! बायको दहाव्या मिनिटाला खुशाल पाय पसरायची. मला तिची कीव यायची.

पुढे जोडीदाराने चिनी ताओ विचारावरचं एक पुस्तक दिलं. ओढूनताणून काही करू नये, पाण्यासारखं असावं, असं त्यात होतं. मला फारच पटलं. मी दळण, बाजार सगळं बंद केलं. बायकोने विचारलं तर म्हणालो, "मी न करण्याचा अभ्यास करतोय."

"व्हय? मग आज भात पण आपोआप होईल," असं म्हणून ती मैत्रिणीकडे पापड लाटायला निघून गेली. दुपारी दोन वाजता मी मुकाट्याने कुकर लावला.

एका रविवारी गाडी रोह्याच्या अलीकडे निडी स्टेशनला थांबली ती हलेचना. माझा जीव वरखाली.

"अवो, बसा ना. सुटेल," बायको म्हणाली.

"तुला काय गो! माझं ध्यान चुकेल!"

मी उतरलो आणि रस्त्याने तरातरा चालत सुटलो. दहा मिनिटांत गाडी भोंगा वाजवत शेजारून गेली. खिडकीत बायको शेंगा खात होती. तिने हात हलवला.

मी घामाघूम होऊन, पायाला फोड घेऊन विहारात पोचलो, तेव्हा सगळे चहा पीत होते. जोडीदार म्हणाला, "वहिनी आज पाऊण तास बसल्या. जराही हलल्या नायत."

"झोपली असेल!"

"झोपले थोडी," बायको म्हणाली. "मग जाग आली, तरी उठावंसंच वाटेना."

माझं डोकंच फिरलं. मी जोडीदाराला म्हटलं, "एकदा काय ते सांग. तुमच्यात म्हणतात प्रयत्न करा, ते चिनी म्हणतात जोर लावू नका. मी करू काय?"

तो हसला. "क्रेनवर लोड झुलायला लागला, तर काय करायचास?"

"हात आवरायचो. उगाच खेचाखेच केली की जास्त झुलतो."

"आणि खाली ठेवताना?"

"तेव्हा सगळ्यात जास्त लक्ष लागतं."

"मग झालं की! आवरणं त्यांचं, लक्ष आमचं. तुला दोन्ही येतं. क्रेनवरून उतरलास की विसरतोस, एवढंच."

पुढच्या रविवारी पाय दुखत होता म्हणून मी दाराजवळ खुर्चीवर बसलो. वारा छान येत होता. जरा वेळाने बायकोने मला कोपराने ढोसलं. "अवो, घोरताय!"

डोळे उघडले तर अख्खा विहार हसत होता. मलाही हसू आलं. हसू ओसरल्यावर सगळ्यांनी पुन्हा डोळे मिटले, आणि मीही.