पत्रिकेतलं जलभय

माझ्या पत्रिकेत ज्योतिषानं 'जलापासून भय' अशी एक ओळ लिहून ठेवली आणि आईनं त्या ओळीवर माझं सगळं बालपण बेतलं. समुद्र घरापासून हाकेच्या अंतरावर, मागे वाडीत विहीर. पण मला दोन्हीकडे फिरकायची बंदी. गावातली पोरं पाठीला सुका भोपळा बांधून विहिरीत उड्या मारायची तेव्हा मी ओटीवर बसून पाढे म्हणायचो. मुंबईला सगळं जग आगबोटीनं जाई. मी पेणवरून रस्त्यानं हाडं खिळखिळी करत जायचो. शेवटी भरलेला हंडा पाहिला तरी मी दोन पावलं मागे सरकू लागलो.

लग्नाच्या वेळी तीच पत्रिका अलिबागच्या एका वकिलांकडे गेली. छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जमले, पण वकील त्या एका ओळीवर अडून बसले. मुलगी विधवा होऊ नये, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं.

"मुलाला पोहता येतं का?" आम्ही मुलगी बघायला गेलो तेव्हा त्यांनी विचारलं.

मी तोंड उघडायच्या आत माझा मामा म्हणाला, "पोहता? मासा आहे हो, मासा!"

पोह्यांची बशी ठेवायला आलेली मुलगी हसू दाबत माझ्याकडे पाहत होती. मला ती तिथल्या तिथे आवडली. खरं सांगितलं तर ती हातची जाणार, म्हणून मी मुकाट्यानं पोहे गिळले.

"मग कार्तिकात आवळीभोजनाला या," वकील म्हणाले. "डोंगरावरच्या तळ्यात मी दर वर्षी पोहतो. या खेपेला जोडीनं पोहू."

ठरल्या दिवशी दोन्ही घरची माणसं, पातेली, केळीची पानं असा लवाजमा डोंगर चढला. आवळ्याखाली चुली पेटल्या. बायका तळ्याच्या वरच्या पायरीवर बसल्या, त्यात ती. आई देवळात जप करत होती. मी तिथल्या गुरवाला बाजूला घेऊन विचारलं, "तळं खोल आहे का हो?"

"तीस वर्सं हितं हाय," गुरव म्हणाला, "पन आत कवा उतरलोच न्हाय. मला काय ठावं?"

वकील पंचा नेसून, डोक्यावर पगडी तशीच ठेवून पाण्यात शिरले. पगडी भिजली तर वकिलीला बरं नाही, म्हणे. मी डोळे मिटून मागोमाग उडी टाकली. आता मेलोच म्हणतोय तोवर पाय चिखलाला टेकले. पाणी छातीइतकंच होतं! मग काय, मी हनुवटीपर्यंत वाकलो, हात सपासप मारू लागलो आणि खालून चालत सुटलो. काठावर मामा "शाबास!" म्हणून नाचत होता.

तळ्याच्या मध्यावर माझा पाय कुणाच्या तरी पायावर पडला.

समोर पगडी होती. वकिलांनी माझ्याकडे पाहिलं, मी त्यांच्याकडे. दोघांचेही हात चालूच होते. ते जरा खाकरले आणि काठावर ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "हात चांगला आहे! जलभय टळलं!"

मार्गशीर्षात लग्न झालं. जावई पोहणारा निघाल्याच्या आनंदात सासऱ्यांनी आम्हा दोघांची मुंबईच्या आगबोटीची तिकिटं काढली, आणि आईनं नाइलाजानं देवाला नारळ बोलला.

रेवसचा धक्का मागे पडला, बोट डोलायला लागली आणि मी दोन्ही हातांनी कठडा पकडला. बायको जवळ सरकली.

"भिऊ नका," ती हळूच म्हणाली, "मला पोहता येतं."

"मलाही येतं की."

"कार्तिकातलं पाणी नितळ असतं. वरच्या पायरीवरून चारही पाय दिसत होते. बाबांचे तर मी लहानपणापासून बघत्येय."

माझी मान खाली गेली. "मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"बोलले असते तर तुम्ही परत गेला असतात."

मी कठडा सोडला आणि चार लोकांदेखत तिचा हात धरला.