फोटोपुरते हातमोजे

“मोजे काढ. फाडू नको.”

सिस्टरनं हे सगळ्यांसमोर म्हटलं. जिल्ह्याहून तपासणीला आलेली माणसं नुकतीच गेली होती. फाटकापाशी त्यांच्या गाडीची धूळ अजून उडत होती. बाकांवर लेकरं मांडीवर घेऊन पंधरा-वीस बाया बसल्या होत्या. मी हात पुढं केले. सिस्टरनं बोटांची टोकं धरून एकेक मोजा ओढून काढला. स्पिरिटच्या बोळ्यानं पुसला. पावडर टाकली आणि परत खोक्यात घातला. खोकं कपाटात, कपाटाला कुलूप.

बाकावरची एक बाई म्हणाली, राहू द्या की बाई, सुयांचं काम तर तिलाच हाय. त्यावर सिस्टर म्हणाली, “तिच्या हाताला काय धाड भरलीय? दगडाचे हायेत ते.”

बाया हसल्या. आतून डॉक्टरसाहेब हसले. आणि मीपण हसले. बाकीचं सगळं एक वेळ विसरेन, पण त्या हसण्याची लाज मला अजून वाटते.

संध्याकाळपर्यंत तपासणीवाल्यांनी काढलेला माझा फोटो सगळ्यांच्या मोबाइलवर फिरला. मी मधोमध उभी, पांढरे मोजे, कोरा ॲप्रन. खाली लिहिलं होतं, लसीकरण केंद्रात कर्मचाऱ्यांच्या सुरक्षेची पूर्ण काळजी. नवऱ्यानं लातूरहून फोन केला. तो तिथं आडतीवर हमाली करतो. म्हणाला, लई झ्याक दिसून राहिली, साहेबीणच झाली की. मोजे काढून घेतले हे कुठल्या तोंडानं सांगणार?

हा नांदेड जिल्ह्यातला एक सरकारी दवाखाना. गावाचं नाव सांगत नाही, मला अजून तिथंच राहायचंय. माझं माहेर चाकूरकडचं. नववीपर्यंत शिकले, मग लग्न. ठेकेदाराकडून दवाखान्यात लागले त्याला सात वर्षं झाली. झाडणं, पुसणं, लशीचे डबे उचलणं, आणि सुया.

मी चौतीस वर्षांची. सिस्टर माझ्याहून बारा वर्षांनी मोठी, तरी तीही मला मावशीच म्हणते. दवाखान्यात झाडणारी बाई ही सगळ्यांची मावशी असते. पण या मावशीच्या हातचा चहा कुणाला चालत नाही. माझा पेला मागच्या खिडकीत पालथा असायचा, एकटा. चहा आला की मी पेला धरायचा आणि ड्रायव्हरनं वरून ओतायचा. जात कुणी तोंडानं काढत नव्हतं. तशी गरजच पडत नव्हती.

आता सुयांचं सांगते. आमच्याकडं लसीकरण बुधवारी. नियम असा, की लेकराला टोचलं की टोचणाऱ्यानंच तिथल्या तिथं मशीनवर सुई तोडायची. आमच्या मशीनचं पातं दोन वर्षांपासून बोथट झालेलं. मागणी कळवलीय, एवढंच उत्तर. मग सगळ्या सिरिंजा सुईसकट एका निळ्या बादलीत जायच्या. सकाळी तापाच्या, कुत्रं चावलेल्या पेशंटांना टोचलेल्याही त्याच बादलीत. दुपारी गर्दी ओसरली की मी बादली घेऊन मागच्या ओट्यावर बसायची. डाव्या हातात सिरिंज धरायची, उजव्या हातात पक्कड, आणि सुई मोडायची. मोडलेल्या सुया पांढऱ्या डब्यात, प्लास्टिक लाल पिशवीत. पिशवीत एक सुई जरी दिसली, तरी कचऱ्याच्या गाडीवरचा माणूस पिशवी उचलत नव्हता. त्याच्या हातात कोपरापर्यंत जाड मोजे असायचे. पक्कड माझ्या घरची होती, नवऱ्याची.

एकदा दवाखान्यातल्या सगळ्यांना काविळीची लस द्यायचं ठरलं. सुयांमधून कावीळ होते म्हणे, म्हणून. लशीचा डबा तालुक्याहून मीच मांडीवर घेऊन आले. नावं पुकारली. डॉक्टर झाले, सिस्टर झाली, ड्रायव्हर झाला. मी बाही वर करून उभी. माझं नाव आलंच नाही. विचारलं तर म्हणाले, तुम्ही ठेकेदाराच्या, त्याला विचारा. ठेकेदाराला विचारलं तर तो म्हणाला, दवाखान्यात राहून लस माझ्याकडं मागून राहिली का? मी बाही खाली केली. रिकामा डबा धुऊन उन्हात पालथा घातला.

मग तो बुधवार आला.

बादली काठोकाठ भरली होती. ओट्यावर ऊन आलेलं. हाताला घाम. पक्कड सटकली आणि सुई डाव्या अंगठ्याच्या बुडाशी आत गेली. पूर्ण आत. मी ती उपसून काढली. थेंबभर रक्त आलं. ती सुई आधी कुणाला टोचलेली होती, कुणाला ठाऊक? हातातून सुटली ती परत बादलीत पडली, दुसऱ्या सुयांत मिसळून गेली.

मी पळत सिस्टरकडं गेले. ती म्हणाली, पिळून काढ रक्त, स्पिरिट लाव. धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं तिनं मला, नाही म्हणत नाही. मग मी म्हटलं, सिस्टर, बुकात लिहा. कारण एक बुक होतं. कर्मचाऱ्याला काही लागलं, टोचलं, तर त्यात लिहायचं. दर तपासणीला ते मीच कपाटातून काढून, पुसून टेबलावर ठेवायची. सात वर्षांत त्यात एक ओळ नव्हती.

सिस्टरनं माझ्याकडं बघितलं नाही. म्हणाली, “लिहिलं की वरून इचारणा. मशीन का बंद, मोजे कुठं गेले. अन् तुझं नाव लिहू कशात? तू कुणाची हायेस?”

मी डॉक्टरसाहेबांच्या दारात जाऊन उभी राहिले. साहेब चांगले शिकलेले, बोलणं मऊ. म्हणाले, “अहो, तुम्हा लोकांना सवय असते. तुम्हाला काही होत नाही. सोमवारी बघू.”

तुम्हा लोकांना. मऊ आवाजात म्हणाले ते. अंगाची लाही लाही झाली, तरी मी हो साहेब म्हटलं आणि परत ओट्यावर जाऊन उरलेल्या सुया मोडल्या. खरंच मोडल्या. अंगठ्याला चिंधी बांधून.

लसीकरणाच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता आहे. सात वर्षं मी त्याच्यावरची धूळ झटकली, पण वाचला नव्हता. त्या दिवशी वाचला. सुई टोचल्यास काय करावे. साबण-पाण्याने धुवा, पिळू नका. मी तर अंगठा पिळला होता. तातडीने प्रमुखांना कळवा. कळवलं होतं. त्या ओळीच्या खाली, तक्त्यावरच, डॉक्टरांच्या ड्यूटीचा कागद चिकटवलेला होता. म्हटलं, एवढंच असेल.

गुरुवारी विचारलं, शुक्रवारी विचारलं. शनिवारी साहेब आलेच नाहीत. मी वाट बघत बसले. कुणी मोठ्यानं सोमवारी म्हटलं की सोमवारपर्यंत थांबायचं, हे आम्हाला लहानपणापासून अंगवळणी पडलेलं. सोमवारी साहेब मीटिंगला गेले. तेव्हा कुठं मी कुणाला न सांगता नांदेडची बस धरली.

तिथं मोठ्या सरकारी दवाखान्यात रक्ततपासणीच्या खोलीत एक बाई बसल्या होत्या. त्यांनी आधी खुर्चीवर बसवलं, मग नाव विचारलं. पूर्ण नाव. सगळं ऐकून त्यांनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, ताई, एचआयव्ही टाळायच्या गोळ्या बहात्तर तासांच्या आत सुरू करायच्या असतात, तेही जितक्या लवकर तितकं बरं. आज पाचवा दिवस. आता रक्त तपासू, दीड महिन्यानं परत तपासू, मग तीन महिन्यांनी. काविळीची लस आजच देते. मग त्यांनी विचारलं, “दवाखान्यात नोंद केलीय ना?”

मी मान हलवली. नाही.

“मग उद्या काही निघालं, तर कामावरच टोचलं हे कोण मानेल?”

मी बाही वर केली. काविळीची लस मला त्या दिवशी पहिल्यांदा मिळाली. सात वर्षं लशीचे डबे वाहिल्यावर.

मंगळवारी कामावर गेल्या गेल्या मी तक्त्यावरचा ड्यूटीचा कागद वर उचलून बघितला. खाली मोठ्या लाल अक्षरात लिहिलेलं होतं, बहात्तर तासांच्या आत. मी कागद सोडून दिला. तो परत त्या अक्षरांवर पडला. मी तिथंच झाडू टेकून उभी राहिले आणि रडले. आवाज न करता, कारण बाहेर पेशंट होते.

पहिला रिपोर्ट बरा आला. पण त्याला काही अर्थ नाही असं नांदेडच्या त्या बाईंनी आधीच सांगितलं होतं, खरं पुढच्या रिपोर्टांवर. म्हणजे तीन महिने गळ्यात फास. एकत्र खाण्यापिण्यानं हे आजार पसरत नाहीत, हेही त्यांनी समजावलं होतं. मला कळलंही होतं. पण भीतीला कोण समजावणार? मी घरी माझं ताट बाजूला केलं. टॉवेल बाजूला. पेला घासून मागच्या खिडकीत पालथा घातला.

चार दिवस कुणाच्या लक्षात आलं नाही. पाचव्या दिवशी सासूनं बघितलं. सासू साठीच्या पुढची, आयुष्यभर दुसऱ्याच्या वावरात खुरपलेली. तिनं पेला हातात घेतला. म्हणाली, ह्यो इथं कुणी ठिवला? मी म्हटलं, मीच. आणि मग सुईचं सगळं सांगितलं, पहिल्यांदाच.

ती उठली. पेला माठात बुडवला, भरला आणि घटाघटा प्याली. ओठ लावून.

“मला पाटलाच्या वावरात वरून पाणी वतायचे,” ती म्हणाली. “मी ओंजळ धरायची. पर ओंजळ माझी व्हती, पेला त्येंचा. तू तर तुझ्या घरात तुझाच पेला भाईर काढलास.”

मला तोंडात मारल्यासारखं झालं. खिडकी तशीच, पेला तसाच पालथा, आणि इथं तर मला कुणी सांगितलंही नव्हतं. त्यांनी माझा पेला वेगळा ठेवला तो जातीपायी. माझी नोंद केली नाही तीही त्याच हिशेबानं, की हिचं काही झालं तरी कुणाचं काही बिघडत नाही. आणि मी सात वर्षं हो साहेब म्हणत ते मान्य करत आले होते. सही करायची तेवढी राहिली होती.

त्या दिवशी मी वहीच्या पानावर लिहिलं. माझं पूर्ण नाव. कुठल्या बुधवारी, किती वाजता, कुठल्या अंगठ्याला. मशीन बंद होतं. मोजे कपाटात होते. कुणाला सांगितलं, ते काय म्हणाले, त्यांच्याच शब्दांत. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतं.

गेल्या बुधवारी परत तपासणी आली. सकाळीच कुलूप उघडलं. सिस्टरनं खोकं काढलं आणि तेच मोजे माझ्यापुढं धरले. बोटांच्या टोकांना पिवळे पडलेले. बुक मी नेहमीसारखं पुसून टेबलावर ठेवलं होतं. या वेळी आत माझा कागद घालून.

मी हात मागं घेतले. म्हटलं, “फोटोपुरते न्हाई घालणार.”

सिस्टर हळूच म्हणाली, मावशी, तमाशा करू नको, तुझ्याच पोटावर येईल. ती खोटं बोलत नव्हती. तिलाही वरच्यांची भीती आहे, हे मला दिसत होतं. पण तिची भीती मी किती दिवस माझ्या अंगठ्यात घेऊन फिरू?

जिल्ह्याचे मोठे साहेब आत आले. मोबाइलवर फोटो काढणाऱ्यानं विचारलं, हिचे मोजे कुठं? मी उघडे हात टेबलावर ठेवले आणि म्हटलं, “साहेब, बुक उघडा.”

त्यांनी उघडलं. कागद वाचला. पूर्ण वाचला का माहीत नाही. डॉक्टरसाहेबांकडं बघितलं. मग घडी घालून तो खिशात ठेवला आणि म्हणाले, बघतो. फोटो सिस्टरचा काढला. मोजे तिनं घातले. गाडी गेली, धूळ उडाली. बुकातलं पान तसंच कोरं.

दुपारी ठेकेदाराचा फोन आला. म्हणाला, जमत नसंल तर पहिल्या तारखेपासून दुसरी बाई बघतो. कदाचित बघेलही. पुढचे रिपोर्ट अजून यायचेत. त्यात काय येईल, मला माहीत नाही. आणि काही आलं तर मी काय करणार, तेही माहीत नाही.

पण त्या कागदाची दुसरी प्रत माझ्या पेटीत आहे, आणि तिसरी मी आज लिहून राहिले.

आज बुधवार आहे. लसीकरण संपलं. निळी बादली भरून मागच्या ओट्यावर ठेवलेली आहे. पक्कड मी घरी नेली. सिस्टरनं दोनदा हाक मारली, एकदा मावशी म्हणून आणि एकदा माझ्या नावानं. मी ओट्याच्या दुसऱ्या टोकाला बसलेय. कचऱ्याची गाडी येईल, तशीच परत जाईल. बुकात माझं नाव लागल्याशिवाय त्या बादलीला मी हात लावणार नाही.