काकूंची खानावळ आणि समोरची तर्री

सुपेल्यात, पोलादाच्या प्लांटजवळच्या त्या परमुलखातल्या वस्तीत, मराठी जेवण म्हणजे काकूंची खानावळ. दुसरी नव्हतीच, त्यामुळे ती उत्तम होती. वरण पातळ आहे असं कुणी म्हटलं की काकू विचारत, "घरी जाऊन जेवतं का मंग?" घर वर्ध्याकडे. जेवणारा वाटी पुन्हा पुढे करी.

मी आठवीत शाळा सोडून आलेलो, वेल्डिंगच्या दुकानात कामाला. काकूंच्या माहेरगावचा, एवढ्या पुण्याईवर मागच्या पडवीत पथारी टाकायला जागा मिळाली होती. उपकार खरेच मोठे. म्हणून काकूंच्या कपाळाला आठी पडली की आपलं बिऱ्हाड आता कुठं, हाच विचार आधी यायचा.

मग रेल्वे कॅन्टीनमधून सुटलेल्या एका नागपुरी आचाऱ्यानं रस्त्यापलीकडे चूल मांडली. काकूंनी त्याची मुळीच दखल घेतली नाही. त्यांची खुर्ची तेवढी दारात आली. पुढे कळलं की त्याच्या रश्शावरची तर्री तब्येतीला वाईट असते. मग आमचं वरणही लाल दिसू लागलं. शेवटी फर्मान निघालं: तिकडे जेवला त्याला इकडे ताट नाही. काकू दारातच बोटांचा वास घेत. प्लांटमधले बाबू, पोराबाळांचे बाप, खमिसाला हात पुसत रांगेत उभे.

एके दुपारी मला बोलावणं आलं.

"त्याच्याकडं जेवून ये. काय काय घालते, पाहून ये."

"मी? अन् बोटांचा वास, काकू?"

"तुले माफ."

आचाऱ्यानं वाढता वाढताच विचारलं, "काकूनं धाडलं का बे?"

"हो."

"बरं केलं. बस. अन् तिकडं काय शिजून राहिलं, ते सांग."

मी दोघांनाही खरं तेच सांगत गेलो. काकूंना, की तो घाबरलाय; त्याला, की काकू घाबरल्यात. दोघंही खूश होऊन आणखी वाढायचे. बाबू लोक पेपर वाचून रशिया, अमेरिका आणि आपल्या देशाचा अलिप्तपणा समजावून सांगत. मला तो आधीच पोटभर समजला होता.

आणि मग शेजारच्या पद्मनाभपूरहून कुणीतरी सायकलवर डबे धाडायला लागलं, थेट प्लांटच्या गेटपर्यंत. त्याच संध्याकाळी आचारी रस्ता ओलांडून आला. काकूंना 'ताई' म्हणाला. काकूंनी त्याला चहा दिला, साखर घालून. ठरलं: दोघांनी मिळून डबे काढायचे. डबे भरायला जागा हवी होती. दोघं पडवीत आले आणि माझ्याच पथारीवर बसून जागेचा अंदाज घेऊ लागले.

"तुले चालते ना रे?" काकूंनी विचारलं. विचारलं, हे महत्त्वाचं.

"चालते ना, काकू. पण तो पद्मनाभपूरचा डबा कसा असते, खाऊन पाहू का मी?"

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"कावून?" काकू म्हणाल्या. "तू काय सांगतं, ते आमाले दोघालेबी आता मालूम आहे."

मी पथारी गुंडाळली. काकूंनी ती बांधायला दोरी दिली, नवी कोरी. परक्या गावात तेवढं तरी कोण करतं!